जिप्सीच्या मागच्या चाकांना दोराचे ड्रम: कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

गाडी मारुती जिप्सी किंग, १.३ पेट्रोल, टायर २०५/७० आर १५. इलेक्ट्रिक विंच (फसलेली गाडी दोराने ओढून काढणारी मोटर) लावायचा विचार बरेच दिवस चालला होता पण विंच, तिला पेलणारा बंपर, मोठी बॅटरी सगळं धरलं तर खर्च एकीकडे आणि जिप्सीच्या नाकावरचं वजन एकीकडे. वर ती विंच ओढणार फक्त पुढे, आणि मी रुततो तेव्हा बहुतेक वेळा मला गुपचूप मागे यायचं असतं. म्हणून चाकावरचे ड्रम. ऑस्ट्रेलियात अशा हब विंच तयार मिळतात, इथे मागवायच्या तर भाव बघून झोप उडते, आपल्याकडे नाशिकच्या अंबड आणि सातपूरला इतके लेथ असताना मागवायचं कशाला.

प्रकार साधा आहे. चाकाच्या नटांवर बाहेरून एक ड्रम बसवायचा, दोराचं एक टोक ड्रमला, दुसरं मागच्या झाडाला. चाक जागेवर फिरलं की दोर गुंडाळला जातो आणि गाडी झाडाकडे सरकते. इंजिन हीच विंच. टायरचा व्यास साधारण ६६८ मिमी, ड्रमचा दोरासकट १२५ धरला तर ओढ पाचपटीच्या आसपास वाढते. चाकाच्या एका फेऱ्यात टायरचा घेर २.१ मीटर पण दोर गुंडाळला जातो फक्त ४० सेंटीमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्यानेच घोळ होतो.

मागचीच चाकं का, तर पुढच्या चाकांना स्टिअरिंग आहे, जरा वळलं की दोर टायरला घासणार. आणि मागच्या चाकांवरून दोर मागे नेला की मधे काहीच आडवं येत नाही. मागच्या चाकांवरून पुढे ओढायचं असेल तर दोर फूटस्टेप आणि पुढच्या टायरला घासत जातो, त्या भानगडीत पडलोच नाही.

१९ जानेवारी

लिंक रोडकडच्या भंगारवाल्याकडे पाच इंची पाईपचा मस्त तुकडा मिळाला, जाड भिंतीचा, बाहेरचा व्यास १३९.७. घेऊन अंबडला लेथवर गेलो. लेथवाले काका कमी बोलतात. त्यांनी पाईपवर व्हर्नियर लावला, मग माझ्या कागदावरचा पीसीडी (चाकाच्या पाच स्टडच्या वर्तुळाचा व्यास) बघितला आणि म्हणाले, "भाऊ, नट कुठं लावणार, भिंतीत?"

जिप्सीचा पीसीडी पण १३९.७. म्हणजे पाचही स्टडचे सेंटर बरोब्बर पाईपच्या कडेखाली. पाना ना आतून जात ना बाहेरून. सहा इंची पाईप घेतला तरी सॉकेट आत मावत नाही, आठ इंची घेतला तर पाचपट ओढ तीनपटीवर येते. शेवटी चार इंची ठरला, बाहेरून ११४ मिमी, नट त्याच्या बाहेर राहतात. पाच इंची तुकडा घरी पडून आहे, बायको त्यात कोरफड लावायची म्हणतेय.

मग पुढचा प्रश्न पण काकांनीच काढला. बाहेरच्या बाजूला दोर निसटू नये म्हणून २०० मिमीची फ्लँज लागणार, मग बोल्ट आवळायला चावी कुठून घालणार? बाहेरच्या फ्लँजमध्ये त्याच लाइनीत पाच भोकं पाडायची, लांब टी-चावी त्यातून आत. हे आधी सुचलं नाही तर ड्रम वेल्ड होऊन घरी येतो आणि तसाच परत जातो.

२ फेब्रुवारी

ड्रमचा नकाशा असा ठरला: आतली प्लेट २३० मिमी, १२ मिमी जाड; मधे पाईप १२० मिमी लांब; बाहेरची प्लेट २०० मिमी, ८ जाड. आतली मोठी मुद्दाम ठेवली कारण झाड गाडीच्या मधोमध मागे असतं, दोन्ही दोर आतल्या बाजूला ओढ घेतात आणि टायरकडे सरकतात. वजन साडेसात किलो एकेक.

प्लेट सरळ चाकावर बसत नाही, टायर पोटाशी फुगलेला असतो आणि दोर त्याला घासतो. म्हणून नट लांब करावे लागले, ७० मिमी. एका टोकाला गाडीचा एम-१२ बाय १.२५ चा आटा आणि रिमला बसणारा ६० अंशाचा टेपर, दुसऱ्या टोकाला एम-१० चा टॅप. ड्रम या टोकांवर काउंटरसंक अ‍ॅलन बोल्टने. डोकी प्लेटमध्ये पूर्ण बुडाली पाहिजेत नाहीतर दोर त्यावर कापला जाईल.

पहिले नट साध्या एमएसच्या (मऊ पोलादाच्या) बारमधून काढले, स्वस्तात. पुढे काय झालं ते खाली येईलच.

९ फेब्रुवारी

दुसऱ्या ड्रमची वेल्डिंग झाल्यावर प्लेट ओढली गेली, चाकावर लावून फिरवलं तर डोळ्याला दिसेल इतका आउट. वेल्डरने एका दमात पूर्ण गोल वेल्ड मारला होता. समोरासमोर टाके टाकत, थांबत थांबत मारायला हवा होता. तो ड्रम परत लेथवर. तोवर एकच तयार.

अंगणात कोरडी चाचणी घेतली, मागचा भाग जॅकवर, दोराला ओढ द्यायला दोन मित्र. दोर ड्रमच्या वरच्या अंगाने आत आला तर चाक फिरताना तो सुटतो, गुंडाळत नाही. दोर नेहमी ड्रमच्या खालच्या अंगाने यायला हवा. पुढे ओढा नाहीतर मागे, नियम एकच. डोक्यात गोंधळ होत असेल तर ड्रमवर रंगाने बाण काढा, आम्ही पिवळा काढलाय.

ड्रमला दोर बांधायला गाठ नको. पाईपवर एक तिरकी खुंटी वेल्ड केली, दोराच्या टोकाचा फास त्यात अडकवायचा आणि चार वेढे हाताने घ्यायचे. दोर पूर्ण उलगडला की फास आपोआप निघतो.

१६ फेब्रुवारी

गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला जाऊन चाचणी करू असं सगळे म्हणत होते. पाणी मागे हटलं की तिथला गाळ वरून पापडी आणि खालून लोणी असतो, फसायला उत्तम. पण तेच पाणी नाशिक पितं, तिथे इंजिन ऑइल आणि ग्रीस सांडत खेळायचं हे मला पटत नाही. गिरणारेकडे मित्राच्या शेतात पाट फुटून एक तुकडा आठवडाभर ओला होता, तिथे गेलो. मित्राची थार दुसऱ्या बाजूला कोरड्यात उभी, वेळ पडली तर.

एकच ड्रम होता तरी लावून बघितला, उजव्या चाकाला. दोर मागच्या बाभळीला. लो रेंज (कमी वेग, जास्त जोर), रिव्हर्स, क्लच सोडला. दोर ताठ झाला, उजवं चाक थांबलं आणि डावं चाक मोकळं गरगर फिरायला लागलं. गाडी बोटभर पण नाही हलली. जिप्सीचा मागचा डिफ (दोन चाकांना जोर वाटून देणारा डिफरन्शिअल) ओपन आहे, म्हणजे लॉक न होणारा, दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, आणि डावं चाक चिखलात जेवढा कमी जोर घेतं तेवढाच उजव्याला मिळतो. हँडब्रेक थोडा ओढून पाहिला, थोडा फरक पडला, पण क्लचचा वास यायला लागला म्हणून सोडून दिलं. एका चाकाच्या ड्रमचा ओपन डिफला उपयोग शून्य. जोडीच लागते.

थारने ओढून घरी. थारवाल्याने वाटेत तीनदा सांगितलं की ही गाडी आपल्या नाशिकलाच बनते.

२ मार्च

दोन्ही ड्रम तयार. हा दिवस नीट लिहितो कारण बहुतेक लोक इथेच अडकतील.

सगळ्यांचा सल्ला असा की दोन चाकांना सारखी ओढ मिळाली पाहिजे म्हणून एकच लांब दोर घ्या, दोन टोकं दोन ड्रमला आणि मधला भाग झाडाच्या कप्पीतून. ऐकायला बरोबर वाटतं. भद्रकालीच्या बाजारातून १२ मिमीचा नायलॉन दोर आणला, कप्पी होतीच. तोच तुकडा, यावेळी डावं चाक हबपर्यंत आत आणि उजवं अर्धं.

सुरुवात झकास. गाडी हलली, सगळे ओरडले. मग बघतो तर उजवा ड्रम भराभर गुंडाळतोय आणि डावं चाक ढिम्म. कप्पी फिरतेय आणि डाव्या बाजूचा दोर पण उजवीकडेच चाललाय. गाडी हातभर सरकली की उजव्या ड्रमवर दोन हात दोर चढतो. बाहेर उभ्या असलेल्या पोराने हात वर करेपर्यंत दोराचा ढीग आतल्या प्लेटवरून उडी मारून प्लेट आणि टायरच्या मधे गेला आणि चाक आवळून बसलं. नायलॉन ताणलेला असताना त्याला हात लावायची सोय नाही. पुढचा गियर टाकून चाक उलटं फिरवायला बघितलं तर दोर आणखी आत ओढला गेला. शेवटी थारने जिप्सीला मागून थोडं खेचून ताण काढला, मग विळ्याने दोर कापला. टायरच्या कडेवर एक बारीक चीर गेलीये, कॉर्डपर्यंत नाही.

दोन लांब नट पण वाकले, एमएसचे. खोलताना आटा ओढला गेल्याचं दिसलं. काकांना फोन केला, म्हणाले ईएन-८ मधून (जास्त मजबूत पोलाद) करू, पैसे आधीच सांगतो मग रडायचं नाही.

९ मार्च

आठवडाभर डोक्यात तेच. मग थारवाल्याच्या मोठ्या भावाने, जो ट्रॅक्टर चालवतो आणि ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, एका वाक्यात सोडवलं. कप्पी कशाला पाहिजे, डिफ आहे की.

दोन वेगळे दोर. प्रत्येकाचं एक टोक आपापल्या ड्रमला आणि दुसरी टोकं झाडाला गुंडाळलेल्या बेल्टवरच्या एकाच डी-शॅकलमध्ये (पिनवाल्या लोखंडी कडीत), पक्की, सरकणार नाहीत अशी. कमी-जास्त लांबी असली तरी चालते. जो दोर ढिला असतो त्या बाजूच्या चाकाला काही अडवत नाही म्हणून डिफ तेच चाक पळवतो, ते आपला ढिला दोर खाऊन टाकतं, ताठ झालं की जोर दुसरीकडे पण जातो. म्हणजे एका दोराला जो डिफ नडला तोच दोन दोरांना वाटणी करून देतो. आणि दोर आपापल्या ड्रमवरच राहतो, दुसऱ्याचा पळवत नाही.

चिखल तोच, जागा तीच. आधी उजवं चाक थोडं फिरलं, गाडीची शेपटी किंचित उजवीकडे गेली, मग डावं सुटलं आणि सूं करून दोर घेतला, मग दोन्ही मिळून हळूहळू. अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावला नाही, आयडलवर क्लच पूर्ण सोडून. पुढची चाकं पण फिरतात आणि थोडं खणतात, कारण लो रेंज फोर व्हील ड्राइव्हमध्येच आहे.

हे ओपन डिफपुरतंच. थारच्या बऱ्याच मॉडेलना मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफ येतो, एक चाक जास्त फिरलं की दोन्ही बांधली जातात, मग ढिला दोर ढिलाच राहणार. तिथे दोन्ही दोर मोजून सारखे ताठ करा नाहीतर कप्पी लावा. लॉक असल्यावर दोन्ही ड्रम सारखेच फिरतात त्यामुळे कप्पीने आमच्यासारखा ढीग व्हायचं कारण नाही, पण हे मी थारवर करून बघितलेलं नाही.

आता तो वरचा आकडा. गाडी घट्ट जमिनीवर आली की टायरला पकड मिळते आणि ती एका फेऱ्यात २.१ मीटर पळते, दोर मात्र ४० सेंटीमीटरच खातो. बाकीचा पावणेदोन मीटर दोर खाली पडतो आणि गाडी त्याच्यावरच चढते. म्हणून दोन्ही बाजूला एकेक माणूस, दोर ढिला दिसला की हात वर, ड्रायव्हरने त्याच क्षणी क्लच दाबायचा. ड्रायव्हरला आतून दोर अजिबात दिसत नाही. आणि दोन दोरांच्या मधल्या जागेत कोणी जायचं नाही, फोटो काढायला तर अजिबात नाही.

२३ मार्च

नायलॉन बंद. १२ मिमीचा दोर ताणला की वीतभर नाही, चांगला हातभर लांबतो, तो सगळा ताण दोरात साठतो. तुटला तर शॅकलसकट येईल. वर ताण बसलेली गाठ सुटत नाही, कापावीच लागते. त्याऐवजी डायनीमाचा (मजबूत कृत्रिम धाग्याचा) ८ मिमी, ताणाला चार-पाच टन तरी घेतो आणि लांबत जवळजवळ नाही. पण तो गुळगुळीत आहे, गाठ निसटते आणि गाठीने ताकद निम्म्यावर येते. फास स्प्लाइस करूनच, म्हणजे गाठ न मारता विणून करायचा, टोक दोराच्याच पोटात ७२ पट व्यासाइतकं आत, म्हणजे ८ मिमीला ५७-५८ सेंटीमीटर. पहिला स्प्लाइस करताना दुपार गेली, दुसरा चहा होईपर्यंत झाला. याचा वितळबिंदू १५० अंशाच्या आत आहे, घाटातून ब्रेक मारत खाली आल्याबरोबर गरम चाकावर गुंडाळू नका.

आत्तापर्यंतचा खर्च: भंगार पाईप-प्लेट ११००, लेथ आणि वेल्डिंग ५२०० (आउट झालेला ड्रम धरून), ईएन-८ चे दहा नट ३०००, नायलॉन १८०० पाण्यात, डायनीमा ४८००, बेल्ट आणि शॅकल १६००.

१३ एप्रिल

झाड नसेल तर काय, याची चाचणी. ओल्या मातीत तीन पहारी एकामागे एक ठोकून एकमेकींना बांधल्या, पहिल्याच ओढीला पुढची पहार लोण्यातून सुरी निघावी तशी बाहेर. मग स्टेपनी पुरली. दोराच्या दिशेला आडवा खड्डा, कमरेइतका खोल, स्टेपनी उभी, मधून बेल्ट, आणि बेल्टसाठी गाडीच्या दिशेने तिरका चर. चर नसेल तर बेल्ट स्टेपनीला वर उचलतो. धरली, पण खणायला दोघांना दीड तास, एप्रिलच्या उन्हात. एकटा माणूस असेल तर त्यापेक्षा टायरची हवा १५ पीएसआयपर्यंत काढून, चाकांमागची माती उपसून आधी प्रयत्न करा. खरं तर झाड असलं तरी हेच आधी करा, निम्म्या वेळा ड्रम डिकीतच राहतो.

२५ मे

यंदा मे महिन्यातच पाऊस लागला, कांदावाल्यांचे हाल कुत्रा खाईना. मित्राचा कांदा चाळीत न्यायचा होता, पिकअप बांधावर फसली, जिप्सी मदतीला गेली आणि काळ्या मातीत तीही बसली. तयारी होती म्हणून घाई नव्हती. तरी दोन गोष्टी नडल्या.

लांब नटांच्या टोकाच्या आट्यात माती भरून वाळली होती, एम-१० चा बोल्ट दोन आटे जाऊन अडायचा. खिळ्याने कोरत बसलो. आता घरूनच त्या भोकांमध्ये ग्रीस लावून आखूड बोल्ट बसवून ठेवतो, ड्रम लावताना काढायचे. आणि लांब नट चढवायचे ते डांबर संपतं तिथे, एकेक नट बदलत, जॅक लागत नाही. ते घेऊन रस्त्यावर गाडी चालवू नका, चाकातून बाहेर आलेले सत्तर मिमीचे पाच दांडे शेजारून जाणाऱ्या स्कूटरवाल्याच्या पायाला लागतील.

दुसरं, चाक हबपर्यंत रुतलं की दोर ड्रमच्या खालच्या अंगाने येतो म्हणजे सरळ चिखलातूनच येतो. प्रत्येक ड्रमच्या मागे हातभर लांब चर खणावा लागतो, नाहीतर दोरासोबत मातीचे गोळे गुंडाळले जातात आणि वेढे सैल बसतात.

गाडी निघाली. पिकअप ट्रॅक्टरनेच काढली, तिथे आमचं काही चाललं नाही.

२२ जून

हरसूलकडे भातखाचराच्या कडेने जाताना उजवी बाजू खाली गेली. मागे आंब्याचं झाड, पंधरा-सोळा मीटरवर, थोडं डावीकडे. हवा काढली, उपसलं, नाही निघाली. ड्रम लावण्यापासून दोर काढून आवरेपर्यंत तासाभराच्या वर गेला, त्यात प्रत्यक्ष ओढणं दोन-तीन मिनिटांचंच. झाड मधोमध नसल्याने उजवा दोर मडगार्डच्या कडेला टेकत होता, तिथे गोणपाट कोंबलं. आंब्याच्या सालीला बेल्ट रुंद असल्याने काही झालं नाही, ज्यांचं शेत ते आजोबा आधी झाडाकडे बघून आले, मग आमच्याकडे. खाचराची कड फुटली होती ती फावड्याने लावून दिली.

घरी दोर धुतला. उजव्या दोराला ड्रमपासून मीटरभरावर केस उठलेत, मडगार्डच्याच जागी. तेवढा कापून नवीन स्प्लाइस करायचाय, आणि ईएन-८ चे नट उघडून आटे बघायचेत. मडगार्डची कड काका उद्या घासून गोल करून देणार आहेत.